निकाल ठाऊक असलेली लढाई

१४ जानेवारी १७६१ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, पानिपतावर काय झाले हे मराठी मुलाला इतिहासाचे पुस्तक हाती येण्याआधीच घरच्या बोलण्यातून कळलेले असते. तरीही विश्वास पाटलांची १९८८ सालची ‘पानिपत’ वाचताना एक चमत्कारिक गोष्ट घडते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा रोहिल्यांची फळी फोडू लागतात, दुपारपर्यंत पारडे मराठ्यांच्या बाजूला झुकते, आणि निकाल पक्का ठाऊक असलेला वाचक आशा धरू लागतो. पुढे पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागते. सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटतो. वाचक त्या पानावर थांबतो तेव्हा त्याला नवी माहिती काहीच मिळालेली नसते, पण धक्का मात्र नवा असतो. युद्धाच्या काळावरची, साहसाने भरलेली ऐतिहासिक कादंबरी मनावर जे करते त्याचा विचार इथून सुरू करावा लागतो. अशी कादंबरी शौर्याचा अभिमान जागवते म्हणून आवडते, हे उत्तर आपण फार लवकर स्वीकारतो. मराठीतील या परंपरेचा आढावा घेतला तर वेगळेच दिसते. तिचा खोल आणि टिकणारा परिणाम शोकाचा आहे. पात्रांना जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक असते, आणि त्या जाणिवेतून हा शोक उभा राहतो. या वाङ्मयाचे बळही त्यातच आहे आणि धोकाही त्यातच आहे.

आधी आशेचे कोडे. शेवट माहीत असताना उत्कंठा कशी टिकते, याचा अभ्यास मानसशास्त्रात झालेला आहे. अमेरिकन संशोधक रिचर्ड गेरिग यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना सर्वपरिचित घटनांवरचे छोटे उतारे वाचायला दिले. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष होतील की नाही, अशी शंका मनात यावी अशा बेताने उतारा लिहिलेला असे. नंतर ती घटना खरी की खोटी एवढेच विचारले जाई. उतारा उत्कंठा वाढवणारा असेल तर जन्मभर ठाऊक असलेले उत्तर द्यायलाही लोकांना अधिक वेळ लागला. गोष्टीत गुंतलेले मन आपल्याजवळचे ज्ञान क्षणभर बाजूला ठेवते, असा याचा अर्थ लावता येतो. २०११ साली लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी लघुकथांवर केलेल्या प्रयोगात तर शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण शेवट कळला की रस संपतो ही समजूत पुरी नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

आपल्याकडे याचा दाखला प्रयोगशाळेबाहेर, खुद्द इतिहासातच आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे मरण पुष्कळांनी मनाने मान्य केले नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे लेऊन राहिल्या. भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, त्याच्याभोवती माणसे जमली, आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत पेशवाईला त्या प्रकरणाने सतावले. यात राजकारण होते, स्वार्थ होता, फसवणूक होती. पण फसवणुकीला आधी विश्वास ठेवायला तयार असलेली मने लागतात. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचतानाही हेच जाणवते. बखरकाराला निकाल माहीत आहे, तरी प्रत्येक वळणावर तो असे लिहितो की आता एक सल्ला ऐकला, एक रुसवा टळला, तर सगळे वाचेल. कादंबरीकाराने ही ओढ जन्माला घातलेली नाही. तो पानिपतावर लिहायला बसला तेव्हा दोन शतके साठलेली ती ओढ त्याला आयती मिळाली. ना. सं. इनामदारांनी ‘शिकस्त’मध्ये पार्वतीबाईंना मध्यभागी आणले, तेव्हा त्यांनी या न मानलेल्या मृत्यूलाच कादंबरीचा विषय केले.

भारतीय काव्यशास्त्राच्या भाषेत हे मांडता येते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, करुणाचा शोक. युद्धकथेत प्रवेश उत्साहाच्या दारातून होतो, पण ती वाचून बाहेर पडणारा वाचक क्वचितच उत्साहात असतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने महाभारताचा मुख्य रस शांत आहे असे ठामपणे म्हटले. अठरा दिवसांच्या युद्धावरच्या ग्रंथाबद्दलचे हे मत आजही विचार करायला लावते. महाभारतात वीररस कमी आहे असे त्याला म्हणायचे नव्हते. सगळा पराक्रम शेवटी कुठे येऊन पोहोचतो, याकडे तो बोट दाखवत होता. मराठी ऐतिहासिक कादंबरी शांतापर्यंत पोहोचते असा दावा मी करणार नाही. ती बहुतेक वेळा करुणापाशी थांबते. पण वीराकडून पुढे सरकण्याची तिची चाल तीच आहे.

कोणत्या घटना या कादंबरीने उचलल्या आणि कोणत्या सोडल्या, ते पाहावे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये गड मिळतो, पण नाव राहते ते गेलेल्याचे. त्यांच्याच ‘वज्राघात’मध्ये विजयनगरचे साम्राज्य कोसळते. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) थोरल्या माधवरावांच्या अकाली मृत्यूकडे पहिल्यापासून सरकत जाते. राक्षसभुवनचा मोठा विजय त्याच माधवरावांचा, पण ‘स्वामी’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ते थेऊर. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’चा (१९७९) शेवट म्हणजे संभाजीमहाराजांची संगमेश्वरची कैद आणि तुळापूर. इनामदारांच्या ‘राऊ’मध्ये बाजीरावासारखा सेनानी नायक आहे, तरी वाचकाच्या मनात पालखेडच्या डावपेचांपेक्षा मस्तानीची ताटातूट रुतते. मराठ्यांच्या नावावर निखळ विजय थोडे नाहीत. पालखेड १७२८, वसई १७३९, खर्डा १७९५. यांतल्या एकाही विजयावरची, ‘पानिपत’च्या तोडीने घरोघरी वाचली गेलेली कादंबरी सहजी आठवत नाही. वाचकांना केवळ अभिमान हवा असता तर ही निवड नेमकी उलटी झाली असती.

शिवाजीमहाराजांवरच्या ‘श्रीमान योगी’चे काय, असे कोणी विचारेल. ती तर राज्य उभे करणाऱ्या पुरुषाची, यशाची कथा. आक्षेप बरोबर आहे. पण त्या कादंबरीतही वाचकाच्या घशाशी येते ते बाजीप्रभूंचे खिंडीत थांबणे, सईबाईंचे जाणे, अखेरच्या वर्षांतले घर दुभंगणे. राज्याभिषेकाने ऊर भरून येतो, आणि तो भरून येण्याचे एक कारण असे की तिथवर पोहोचण्याआधी कोण कोण गळाले ते वाचकाला पाठ असते.

हा शोक लेखक कसा उभा करतो? घनघोर लढाईच्या वर्णनाने, असा सर्वसाधारण समज आहे, आणि कमी ताकदीचे लेखक त्यालाच बळी पडतात. पानामागून पान तलवारी खणखणतात आणि वाचक सुन्न होण्याऐवजी कंटाळतो. खरे काम लढाईच्या आधीच्या दिवसांत होते. पानिपतावर दोन्ही फौजा नोव्हेंबर १७६० पासून समोरासमोर अडकल्या होत्या, म्हणजे साधारण अडीच महिने. अंतर्वेदीतून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका होत्या, तीर्थयात्रेला म्हणून निघालेली माणसे होती, हजारो बुणगे होते. उत्तरेतली थंडी अंगावर, जनावरांना चारा नाही, माणसांना दाणा नाही. शेवटी मराठे बाहेर पडले ते उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. या कथेतले खरे साहस घोडदौडीत फारसे नाही. दिल्लीकडून धान्य येईल का, यमुनेला उतार मिळेल का, गोविंदपंतांचा माणूस वाटेत सापडला तर काय, यांत ते आहे. इतिहासाच्या पुस्तकात ‘रसद तुटली’ हे दोन शब्द असतात. कादंबरी त्या दोन शब्दांत वाचकाला कितीतरी पाने राहायला लावते. इतके दिवस ज्यांच्याबरोबर उपाशी काढले, ती माणसे लढाईच्या दुपारी पडतात तेव्हा तो आकडा राहत नाही.

जगातल्या मोठ्या युद्धकादंबऱ्यांनीही हेच ओळखले होते. स्तांधालचा फाब्रिस वॉटर्लूवर भटकतो आणि आपण खऱ्या लढाईत होतो की नाही हेच त्याला धड कळत नाही. टॉलस्टॉय स्वतः सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्याचा अधिकारी होता. ‘युद्ध आणि शांती’मध्ये तो ऑस्टरलिट्झवर जखमी होऊन पडलेल्या आंद्रेईला वरचे आकाश दाखवतो, आणि नेपोलियन त्या आकाशापुढे खुजा होतो. स्टीफन क्रेनची ‘रेड बॅज ऑफ करेज’ १८९५ साली पुस्तकरूपाने आली. ज्या अमेरिकन यादवी युद्धावर ती आहे ते संपल्यानंतर सहा वर्षांनी क्रेन जन्मला होता. तोवर त्याने एकही लढाई पाहिलेली नव्हती, तरी पळून जाणाऱ्या पोरसवदा शिपायाची लाज त्याने अचूक पकडली. युद्ध पाहिल्याशिवाय युद्ध लिहिता येत नाही, या म्हणण्याला हे उत्तर पुरेसे आहे. लेखकाला माणसाची भीती ठाऊक असावी लागते.

आता आक्षेपांकडे. पहिला इतिहासकारांचा. भावना जितकी तीव्र, तितका खोटा इतिहास मनात घट्ट बसतो, असे ते म्हणतात, आणि त्यांच्याजवळ पुरावा आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे पडले, त्या दुःखातून कोंढाण्याला सिंहगड नाव मिळाले, हे आपण सगळे मानून चालतो. पण सिंहगड हे नाव १६६३ सालच्या पत्रात आढळते. घोरपडीची गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आली. पोवाड्याने पेरले, हरिभाऊंनी जोपासले, पाठ्यपुस्तकांनी गावोगाव पोहोचवले. पत्राला ते हलवता आले नाही. हा आक्षेप खोडता येत नाही. त्याची दुसरी बाजू मात्र मांडता येते. संभाजीमहाराजांची व्यसनी, उथळ राजपुत्र अशी प्रतिमा जुन्या बखरींनी आणि नाटकांनी रुजवली होती. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ संशोधन करून १९६० साली चरित्र प्रसिद्ध केले आणि ती प्रतिमा कागदपत्रांच्या आधारे मोडली. कमल गोखले यांनी ते काम पुढे नेले. पण संशोधन अभ्यासकांपुरते राहिले असते. सामान्य वाचकाच्या मनातला संभाजी बदलला, त्यात ‘छावा’चा वाटा फार मोठा आहे. पानिपताचेही तसेच. त्र्यं. शं. शेजवलकरांनी त्या मोहिमेचा नव्याने अर्थ लावला, भाऊसाहेबांवरचे उद्धटपणाचे आणि अकलेच्या दिवाळखोरीचे आरोप तपासले. विश्वास पाटलांच्या कादंबरीने भाऊंकडे पाहण्याची ती सहानुभूतीची नजर लाखोंच्या घरात नेली. भावनेचे वाहन एकच आहे. त्यात कधी दंतकथा बसते, कधी दुरुस्ती. दोष द्यायचा तर कादंबरी कोणत्या कागदांवर उभी आहे हे न विचारता तिला इतिहास म्हणून स्वीकारणाऱ्या सवयीला द्यावा, आणि ती सवय लावण्यात काही लेखकांनी, पाने भरून साधनांची यादी जोडून, हातभार लावला आहे. यादी जोडल्याने कल्पित संवाद पुरावा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी मांडलेल्या मताच्या मुळावरच येतो. शोक निष्पाप राहत नाही, त्याचा डूख होतो. नायकाच्या यातना ज्याने दिल्या त्याचा द्वेष, मग त्याच्या धर्माचा, मग आजच्या शेजाऱ्याचा, ही उतरंड काल्पनिक नाही. ‘छावा’वर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५च्या फेब्रुवारीत आला. औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली. त्या चित्रपटाने लोकांच्या भावना तीव्र झाल्याचे मुख्यमंत्र्यांनीच विधिमंडळात म्हटले. दंगलीची कारणे एका कलाकृतीत शोधणे चूक आहे, तरी पडद्यावरच्या यातनांचा आणि रस्त्यावरच्या रागाचा काहीच संबंध नाही असे म्हणणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. गोष्टीत पूर्ण शिरलेल्या वाचकाची मते गोष्टीच्या दिशेने सरकतात, हे मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी २०००च्या सुमारास प्रयोगांतून दाखवले आहे. गोष्ट जिकडे नेईल तिकडे, म्हणजे करुणेकडेही आणि सूडाकडेही. उत्तम कथासाहित्य वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती वाढते, असा २०१३ सालचा एक अभ्यास पुष्कळ गाजला. इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम त्यांना सापडला नाही. वाचनाने माणूस आपोआप चांगला होतो, या भाबड्या समजुतीला आधार नाही.

मग शोक कुठे वळेल हे कशाने ठरते? माझ्या मते, शत्रूला मन दिले आहे की नाही याने. इथे मराठी परंपरेतच एक पुस्तक आहे ज्याचा उल्लेख या वादात व्हायला हवा होता आणि फारसा झाला नाही. इनामदारांची ‘शहेनशहा’ १९७० साली आली. तिचा नायक औरंगजेब आहे. दख्खनच्या मातीत वर्षानुवर्षे अडकलेला, मुलांवर विश्वास ठेवू न शकणारा म्हातारा बादशहा. मराठी लेखकाने तो आतून लिहिला, मराठी वाचकाने ती कादंबरी उचलून धरली. तिने औरंगजेबाची क्रूरता पुसलेली नाही. तिने त्याला राक्षसाच्या सोयीच्या जागेवरून उठवून माणसाच्या अडचणीच्या जागेवर आणून बसवले. पानिपताच्या कथेत हे काम इतिहासानेच अर्धे करून ठेवले आहे. मराठ्यांशी लढणाऱ्या अब्दालीच्या गोटातून ती लढाई पाहणारा काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. विश्वासरावांच्या देहाला अग्नी मिळावा म्हणून शुजाने केलेली खटपट त्याने नोंदवली आहे. मराठ्यांच्या तोफखान्याचा सेनापती इब्राहिमखान अखेरपर्यंत फिरला नाही आणि पकडला गेल्यावर मारला गेला. या कथेतले शत्रू-मित्र धर्माच्या रेषेने कापता येत नाहीत. जो कादंबरीकार, आणि जो दिग्दर्शक, हे बारकावे वगळतो तो कथा वेगवान करण्यासाठी वगळतो असे म्हणेल, पण त्या वेगाची किंमत वाचक आणि समाज मोजतो. लांबलचक कादंबरीचा इथे एक फायदा आहे. सहाशे पाने वाचताना राग टिकवणे कठीण असते. माणूस थकतो, विचार करतो, मधे पुस्तक मिटतो. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात ती उसंत नसते.

तिसरा आक्षेप असा की साहसकथेच्या साच्यात घातले की युद्ध हवेहवेसे वाटू लागते, करुण शेवटही शेवटी सुंदरच दिसतो. रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ने १९२९ साली हा साचाच नाकारला. तिथे खड्ड्यात अडकलेला तरुण जर्मन शिपाई स्वतः भोसकलेल्या फ्रेंच माणसाशेजारी तासन्‌तास पडून राहतो, आणि त्या मरणात सौंदर्य शोधायला जागाच उरत नाही. मराठीत विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) एकही लढाई न दाखवता, युरोपातून निघालेल्या बोटीवरच्या एका ज्यू तरुणीच्या वाट्याला आलेल्या नशिबातून युद्धाची चाहूल दिली. तलवारींनी भरलेल्या कित्येक पुस्तकांपेक्षा त्या छोट्या कादंबरीचा चटका जास्त आहे. या आक्षेपाला मी अर्धी मान्यता देईन. साहसाचा साचा युद्धाला आकर्षक करतो, हे खरे. पण तो साचा नसेल तर पुष्कळ वाचक त्या दाराशीच येणार नाहीत. घोडदौडीसाठी पुस्तक उघडणारा पंधरा वर्षांचा मुलगा छावणीतल्या भुकेपर्यंत पोहोचतो की नाही, एवढेच पाहावे. ‘पानिपत’मध्ये तो पोहोचतो. नाथमाधवांच्या स्वराज्यमालेत तो बहुतेकदा घोडदौडीतच राहतो, हा त्या दोन प्रकारांतला फरक आहे.

या परंपरेत मला सलणारी उणीव वेगळीच आहे. १८७१ सालच्या गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून आजवर आपली युद्धकादंबरी बहुतांशी घोड्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी युद्ध पाहते. सरदार, पेशवे, छत्रपती. टॉलस्टॉयचा तुशिन हा साधा तोफखान्याचा कप्तान, वरिष्ठांपुढे अडखळणारा, आणि तरी शोन ग्राबेर्नची लढाई त्याच्या तोफांनी तोललेली. असा तुशिन आपल्या पानांत शोधावा लागतो. पानिपतावर दाणा-वैरण वाहणारा बुणगा, त्याची बायको, जिंकलेल्यांनी धरून नेलेली माणसे, यांच्यावरून आपण दुःखाने ओझरते जातो. विसाव्या शतकाची तर आणखी मोठी पोकळी आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इटलीत लढले. यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये तिथे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधवांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी तोच सन्मान मिळवला. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून गेलेल्या या माणसांनी परक्या राज्यासाठी परक्या देशात लढताना काय सोसले, घरी काय लिहून पाठवले, परतल्यावर काय गिळले, यावर त्या अनुभवाच्या उंचीची मराठी कादंबरी नाही. विश्वास पाटलांनी ‘महानायक’मध्ये आझाद हिंद सेनेची, इंफाळच्या मोहिमेची बाजू मांडली, ती महत्त्वाचीच. पण तिथेही केंद्रस्थानी नेताच आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या खिंडीसाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वाचकाला आपल्याच पणजोबाच्या खंदकासाठी रडायला पुस्तक मिळत नाही, आणि ते लिहायला लागणारी साधने, म्हणजे घरातल्या पेटीतली पत्रे, पदके आणि त्या काळातल्या आठवणी सांगणारे म्हातारे, दरवर्षी कमी होत चालले आहेत.